बाईसाहेबांची शेवटची कात

माझ्या नाकावर राग असतो, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. सगळे म्हणजे बाबा, दादा आणि वहिनी. आई होती तेव्हा सांगायची की ही जन्मली तेव्हा रडली नाही, ओरडली. बाबा मला तेव्हापासून ठिणगी म्हणतात. आता मी एकोणचाळीस वर्षांची आहे आणि एका कुरियर कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बसते. कुणाचं पार्सल हरवतं, कुणाचं फुटतं, कुणाचं शेजारी घेऊन उघडून बसतो. मग ती माणसं फोन करून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात आणि मी मधाळ आवाजात म्हणते, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत." दिवसातून सत्तर वेळा. त्यानंतर घरी येऊन मी एखादं दार आपटलं तर कुणाचं काय बिघडलं?

पण त्या रविवारचा राग दार आपटून जाणारा नव्हता. तो अजून गेलेला नाही, म्हणून सांगतेय.

बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं एका जिन्याखालच्या दुकानात, उजव्या डोळ्यात भिंग अडकवून, लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करत बसले. दुकान बंद केलं तरी हात स्वस्थ बसेनात, डोळ्याला बारीक काहीतरी बघायला हवंच होतं. म्हणून ते किड्यांचे फोटो काढायला लागले. तेही अगदी जवळून, म्हणजे किड्याचा एक डोळा ताटाएवढा दिसेल असे. बाहेर बागेत वारा असतो, पान हलतं, आणि एवढ्या जवळून बघताना पान नखभर हललं तरी किडा चौकटीच्या बाहेर जातो. म्हणून त्यांनी किडे घरीच पाळायला सुरुवात केली. दादा लग्न करून गेल्यावर त्याची मागची खोली रिकामी झाली होती. तिथे फळीवर सहा काचपेट्या आल्या. एकीत काडीकिडे, एकीत ढालीसारख्या पाठीचे हिरवे भुंगे, एकीत सुरवंट. खोलीला ओल्या पानांचा वास यायचा. सगळ्यात खालच्या डब्यात रातकिडे असत. ते फोटोसाठी नव्हते, इतरांच्या जेवणासाठी होते. संध्याकाळ झाली की ते किर्र करून डोकं उठवायचे आणि मी भिंतीवर मूठ आपटायचे. ते दोन सेकंद गप्प बसायचे आणि पुन्हा सुरू.

बाबांच्या फोटो क्लबातले एक रिटायर्ड मास्तर होते. ते सांगायचे, "दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. गारठला की हलत नाही, हवा तसा बसवा." बाबा म्हणायचे, "मास्तर, झोपलेल्या माणसाला उचलून खुर्चीत बसवायचं आणि म्हणायचं बघा किती छान बसलाय, तसं होईल ते." मी आतून ओरडायचे, "आणि माझ्या फ्रिजमध्ये किडा दिसला तर मास्तरांनाच दहा मिनिटं ठेवीन." मास्तर त्यानंतर चहाला थांबायचे नाहीत.

बाईसाहेब आमच्याकडे आल्या तेव्हा मुंगीएवढ्या होत्या. मँटिस. पुढचे दोन पाय छातीशी जोडून बसणारा, लांब मानेचा, हिरवा किडा. खोलीत कुणी आलं की डोकं वळवून त्याच्याकडे बघतो. बाबांना ही कुंपणाच्या झुडपात सापडली. वाढताना मँटिस सहा-सात वेळा कात टाकतो. पेटीच्या झाकणाच्या जाळीला उलटा लटकतो, पाठीवरची कातडी फाटते आणि आतून नवा, मऊ, फिकट किडा डोकं खाली करून निसटत बाहेर येतो. शेवटच्या कातीनंतर त्याला पंख फुटतात. गुंडाळी करून ठेवलेले ते पंख तासाभरात उलगडतात. हे सगळं आयुष्यात एकदाच, आणि सांगून होत नाही. बाबांना तेवढा एक फोटो हवा होता. याआधीच्या मँटिसांच्या वेळी तीनदा हुकला होता. एकदा ते जेवायला बसले होते, एकदा अंघोळीला गेले होते आणि एकदा आईला दवाखान्यात हलवलं होतं.

आता लाल क्लिपबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यावरच आलं.

कात टाकताना किडा अगदी असहाय असतो. पळता येत नाही, मारता येत नाही, अंग लोण्यासारखं मऊ. अशा वेळी पेटीत जिवंत रातकिडा राहिला असेल, तर ज्याला खायला दिला होता तोच येऊन हिला कुरतडतो. किडे पाळणाऱ्या सगळ्यांनी ही चूक एकदा केलेली असते. बाबांनीही सुरुवातीला केली होती. तेव्हापासून त्यांनी एक पद्धत पाडली. खोलीत एक दोरी बांधलेली, तिच्यावर कपडे वाळत घालायच्या लाल प्लास्टिकच्या क्लिपा. पेटीत जिवंत खाणं सोडलं की दोरीवरची क्लिप काढून पेटीच्या कडेला लावायची. किड्याने ते खाल्लं, किंवा आपण चिमट्याने परत काढलं, की क्लिप पुन्हा दोरीवर. बारा वर्षांत ही पद्धत कधी मोडली नाही. आई गेली त्या दिवशीसुद्धा बाबांनी लोकांच्या गर्दीतून उठून एक क्लिप दोरीवर लावली होती. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता.

आणि आता दादा. दादा पूल बांधणाऱ्या कंपनीत सुरक्षा अधिकारी आहे. त्याला चमच्यातसुद्धा अपघात दिसतो. आमच्याकडे आला की आधी गॅस बघतो, मग वायरी बघतो, मग बाबांच्या चपलांचे तळ बघतो. माणूस वाईट नाही. पण असा बोलतो की वाटतं आपण सगळे लोखंडी टोपी न घालताच जन्माला आलोय. दोन महिन्यांपूर्वी बाबा पेटीजवळचा उबेचा दिवा चालू ठेवून झोपले आणि पडद्याचं टोक करपलं. दादाने तो करपलेला तुकडा पिशवीत घालून पुरावा म्हणून नेला. मी त्याच्याशी इतकं भांडले की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. शेवटी बाबाच म्हणाले, "भांडू नका. पुन्हा माझ्या हातून एक चूक झाली तर ही खोली मी स्वतः बंद करीन आणि दादाकडे राहायला जाईन. शब्द." दादाच्या घरी त्याच्या मुलीला दमा आहे, त्यामुळे तिथे एकही पेटी जाणार नव्हती. म्हणजे बाबा जाणार ते नुसते बाबा, हातात काही नसलेले.

हे झालं आणि नेमका त्याच सुमाराला उजवा डोळा दगा द्यायला लागला. भिंगाचाच डोळा. शुक्रवारी दादा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

त्याच शुक्रवारी ऑफिसात मला एका माणसाने पन्नास मिनिटं झाडलं. त्याचा आरसा फुटला होता. आरसा मी पॅक केला नव्हता, मी उचलला नव्हता, मी आपटलाही नव्हता. पन्नास मिनिटं मी दिलगीर होते. फोन ठेवल्यावर साहेब म्हणाला, "तुमच्या आवाजात गोडवा कमी पडला. त्यांना लेखी माफी पाठवा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आले ती तशीच. दवाखान्यातून बाबांचा फोन आला, "ठिणगे, उशीर होतोय. पेट्यांत पाणी फवार. बाईसाहेबांना मात्र काही करू नकोस. त्यांना काही नको."

मी मागच्या खोलीत गेले. पाणी फवारलं. बाईसाहेब जाळीला उलट्या लटकल्या होत्या. चार दिवस त्यांनी काही खाल्लं नव्हतं. कात टाकायच्या आधी किडा आपणहून खाणं सोडतो, हे बाबांनी मला शंभरदा सांगितलं होतं आणि मी शंभरदा "हो" म्हटलं होतं. पण त्या क्षणी मला दिसलं ते एवढंच की एक जीव उपाशी लटकलाय, कुणाच्या तरी फोटोसाठी. सगळ्यांना आपापलं हवं असतं, आरसा हवा, गोडवा हवा, फोटो हवा, आणि लटकणाऱ्याचं कुणी विचारत नाही. मी डबा उघडला, चांगला गुबगुबीत रातकिडा चिमट्याने उचलला आणि बाजूच्या दारातून आत सोडला. तो तळाशी अंथरलेल्या कागदाखाली शिरला. मी क्लिपसाठी दोरीकडे हात नेला आणि फोन वाजला. साहेब. "माफीचं पत्र पाठवलंत का? 'मनापासून' हा शब्द दोनदा घाला." मी फोनवर बोलत बाहेरच्या खोलीत गेले, बोलता बोलता ओरडले, ओरडता ओरडता माझी नोकरी जायची वेळ आली आणि तेवढ्यात दारात बाबा आणि दादा उभे.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की उजव्या डोळ्याचा मधला भाग गेला, डावाही त्याच वाटेवर आहे. आंधळे होणार नाहीत, कडेकडेचं दिसत राहील. बाबांनी खिशातलं घड्याळ काढून डोळ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "आकडे दिसतात. काटे दिसत नाहीत." आणि हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन पातेली आपटली. रातकिडा, क्लिप, काहीसुद्धा मला आठवलं नाही.

रविवारी सकाळी चहा पिता पिता बाबा म्हणाले, "आज." बाईसाहेबांच्या पाठीवरच्या पंखांच्या गाठी फुगल्या होत्या, रंग उतरला होता. बाबांनी कॅमेरा स्टँडवर लावला, दोन्ही बाजूंना फ्लॅश, उजेड मऊ पडावा म्हणून फ्लॅशवर पांढऱ्या कागदी पेल्यांचे तुकडे. मान जरा वळवून ते डाव्या डोळ्याच्या कडेने बघत होते. मला म्हणाले, "अजून महिना-दोन महिने हा डोळा चालेल. हा फोटो मिळाला की माझी काही तक्रार नाही." तक्रार हा शब्द माझ्या घरात कुणी उच्चारू नये असं मी सांगितलेलं आहे, पण त्या दिवशी जाऊ दिलं.

अकराला दादा आला. त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर घडी घातलेले खोके मला खिडकीतून दिसले. मी जिन्यातच त्याला गाठलं.

"खोके कशाला आणलेस?"

"असू देत म्हणून."

"असू देत म्हणून माणूस छत्री आणतो. खोके नाही आणत."

"ठिणगे, डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलंस ना? गरम दिवे, वायरी, काचा. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

"तुझा तो पिशवीतला पडदा जबाबदार! बाबांनी शब्द दिलाय चूक झाली तर म्हणून. झाली का चूक?"

"नाही झाली," दादा म्हणाला. "मी कुठे झाली म्हणतोय?"

आतून बाबांची हाक आली, "गप्प बसा आणि आत या. फाटली."

आम्ही दोघं धावलो. पाठीवर एक बारीक चीर पडली होती आणि तीतून फिकट हिरवं काहीतरी फुगून वर येत होतं. बाबा श्वास रोखून एकेक फोटो घेत होते. बाईसाहेबांचं डोकं सुटलं, मग मान, मग पुढचे ते प्रसिद्ध पाय, ओल्या दोऱ्यासारखे लोंबणारे. मीही भांडण विसरले. दादा तर तोंड उघडं टाकून बघत होता. नुसता फ्लॅशचा टिक टिक आवाज.

मग बाबा थांबले. "खाली काहीतरी हललं."

कागदाखालून रातकिडा निघाला होता. फांदीवरून चढत तो सरळ वर गेला, लोंबणाऱ्या मधल्या पायापाशी थांबला आणि खायला लागला. बाईसाहेबांनी अंगाला झटका दिला. तेवढंच त्यांना करता येत होतं.

बाबांनी चिमटा घेतला आणि बाजूच्या दारातून हात आत घातला. चाळीस वर्षं केसाएवढे स्क्रू उचललेला हात, जराही न थरथरणारा. चिमटा रातकिड्याच्या बोटभर बाजूला मिटला. रिकामा. दादाने माझ्याकडे बघितलं. मी पुढे व्हायला हवं होतं, झाले नाही. बाबांनी मान तिरकी केली, कडेने बघितलं आणि दुसऱ्या खेपेला त्याला उचलून बाहेर काढलं. तोवर पाय गेला होता. धडपडीत डावा पंखही जुन्या कातीत अडकून मुडपला होता.

बाबांनी आधी पेटीची कड चाचपली. मग दोरीवरच्या क्लिपा एकेक बोटाने मोजल्या. सगळ्या जागेवर होत्या.

"क्लिप नाही," ते म्हणाले. "म्हणजे मीच. मीच कधीतरी सोडला असणार आणि क्लिप लावायची राहिली. बुधवारी असेल. किंवा काढला असं वाटलं आणि काढलाच नाही. दिसला नसेल."

मला त्या क्षणी सगळं आठवलं, कागदाखाली शिरणारा रातकिडा, दोरीकडे नेलेला हात, साहेबाचा फोन. मी तोंड उघडलं. आणि तोंडातून काय निघालं? दादावर ओरडणं. "तुझ्यामुळे! सारखं दवाखाना, सारखं वायरी, सारखं डोक्यावर बसायचं! माणसाचं लक्ष राहील का ठिकाणावर?"

दादा उलटून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो बाबांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "होतं असं, बाबा."

"होत नाही," बाबा म्हणाले. "बारा वर्षांत झालं नव्हतं. तू खोके आणलेस ना? घेऊन ये."

दादा घुटमळला. "आजच कशाला? राहू दे."

"मी शब्द दिलाय. आण."

दादा खाली गेला. खोलीत मी, बाबा आणि अर्ध्या कातीत लटकलेल्या बाईसाहेब. एवढा वेळ मिळाला होता. एक वाक्य पुरलं असतं. मी दिवसाला सत्तर वेळा न केलेल्या चुकांची माफी मागते, आणि केलेल्या एकीची मागायला जीभ उचलेना. मी मूर्खासारखी फवाऱ्याची बाटली पुसत राहिले. बाबांनी कॅमेऱ्याकडे पाठ केली होती. खुर्चीत बसून ते आपल्या हातांकडे बघत होते, समोरून नाही, कडेने.

दादा खोके घेऊन वर आला. त्यानेच टेप लावून एक उभा केला. बाबा उठले. टेबलाच्या खणातून त्यांनी आपलं भिंग काढलं, घड्याळ दुरुस्तीचं, काळं, डोळ्याच्या खोबणीत बसून बसून कडेला गुळगुळीत झालेलं. आणि सगळ्यांत आधी ते खोक्याच्या तळाशी ठेवलं.

"मी टाकला!"

माझा आवाज इतका मोठा निघाला की खालचे रातकिडे गप्प झाले.

"रातकिडा मी टाकला. शुक्रवारी. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा. क्लिप लावायची राहिली. तुम्ही काही केलेलं नाही. ते भिंग काढा तिथून!"

दादा टेपचा गुंडाळा हातात धरून तसाच उभा. बाबांनी मान वळवून कडेने माझ्याकडे बघितलं.

"काही करू नकोस म्हणालो होतो."

"हो."

"त्यांना काही नको म्हणालो होतो."

"उपाशी होती ती, बाबा! चार दिवस—"

आणि बाबा ओरडले. मी एकोणचाळीस वर्षांत त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता. घड्याळ दुरुस्त करणारा माणूस हळू बोलतो, फुंकर बसली तरी स्क्रू उडतो. पण तो आवाज कुठूनतरी आला आणि खिडकीची काच थरथरली.

"भूक नव्हती तिला! तिला तिचं काम होतं! तुला राग आला की तुला दुसऱ्याच्या पोटातलं कळायला लागतं काय? अक्कल गहाण ठेवलीस? कशासाठी केली मी ती क्लिप? शोभेला? क्लिप नसेल तर मी आत बघत नाही, कारण बघायची गरज नसते, तीच तर पद्धत! डोळे नसले तरी चालावं अशी पद्धत! आणि मी... मी इथे म्हणतोय माझं चुकलं, माझी सद्दी संपली, आणि तू उभी राहून बाटली पुसतेस? मला खोका भरू दिलास?"

माझ्या तोंडातून जे बाहेर पडलं ते ऐकून मलाच माझी शरम वाटली. सवयीचा, मधाळ आवाज. "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल..."

"तो आवाज मला लावू नकोस!" बाबा कडाडले. "तो तुझ्या साहेबाला लाव!"

"बाबा, बीपी," दादा म्हणाला.

"बीपी गेलं खड्ड्यात! तू तो खोका उचल आधी. पायात येतोय."

मग ते वळले. बाईसाहेब कातीतून सुटल्या होत्या. पाच पायांवर स्वतःला ओढत त्या आपल्याच रिकाम्या कातीवरून वर चढत होत्या. उजवा पंख हळूहळू उलगडत होता. डावा चुरगळलेला. बाबा कॅमेऱ्यामागे गेले. डोळा लावला, मान वळवली, पुन्हा लावला. हात थांबला.

"डोळा सापडत नाही तिचा," ते म्हणाले. आवाज अजून चढलेलाच होता. "तिथे काय सोंगासारखी उभी आहेस? सांग ना!"

मी त्यांच्या खांद्यावरून कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यात बघायला लागले. "पुढे. अजून पुढे. आता मागे."

"किती मागे?"

"मला काय माहीत किती, मागे!"

"कणभर की दोन कण?"

"एक! आता! काढा, काढा, डोकं वळवतेय!"

तासभर आम्ही तसे एकमेकांच्या अंगावर ओरडत होतो. दादा खोका पायाने दाराबाहेर ढकलून दिवा धरून उभा राहिला. दिव्याची वायर कुठून गेलीय हे त्याने एकदाही बघितलं नाही. खालच्या काकू वर येऊन दारातून डोकावल्या आणि परत गेल्या. भिंग मात्र दिवसभर त्या खोक्यातच राहिलं. संध्याकाळी मी ते काढून खणात ठेवलं, तेव्हा बाबा माझ्याशी बोलत नव्हते. सोमवारीही बोलले नाहीत. मंगळवारी म्हणाले, "चहात साखर नाही," आणि तेवढ्यावर मला भागवावं लागलं.

बाईसाहेब त्यानंतर अडीच महिने जगल्या. पाच पाय आणि एक पंख, तरी भूक दांडगी. बाबांच्या डाव्या डोळ्याचाही मधला भाग बाईसाहेबांच्या थोडा आधी गेला.

पंख उलगडल्याचे चांगले फोटो मिळाले. मास्तर म्हणाले, असा उजवा पंख त्यांनी जन्मात बघितला नाही. पण बाबांनी मोठा करून बाहेरच्या खोलीत लावला तो त्यातला नाही. त्यांनी लावला तो, रातकिडा आमच्या लक्षात यायच्या जरा आधी काढलेला. बाईसाहेब अर्ध्या बाहेर आल्यात, सहाही पाय शाबूत, आणि खालच्या कोपऱ्यात फांदीवर एक तपकिरी, अस्पष्ट गोळा. दादा म्हणाला, "तो कोपरा कापून टाकता येईल." बाबा म्हणाले, "कापायचा नाही." घरी कुणी आलं आणि विचारलं की हे खाली काय आहे, तर बाबा मान तिरकी करून म्हणतात, "ते? ते माझ्या मुलीचं काम." दर वेळी. पोस्टमनलासुद्धा. मी दर वेळी तडतडते आणि आत निघून जाते. रागाने जाते की तोंड लपवायला, ते मला विचारू नका.

खोली आहे तशी आहे. दादाचे खोके माळ्यावर आहेत. पेट्यांमध्ये आता मी खाणं सोडते, कारण चिमटा नेमका मिटायला डोळ्याचा मधला भाग लागतो. बाबा बाहेरच्या खोलीत रेडिओजवळ बसतात. रोज संध्याकाळी, मी मागच्या खोलीत शिरले की दोन मिनिटांनी, रेडिओ बारीक करून, तिथूनच आवाज देतात. हळू नाही, त्या रविवारच्या आवाजात.

"क्लिप?"

आणि दिवसभर गोड बोलून आलेली मी घसा फाटेस्तोवर ओरडते, "लावली!"